छाप पाहावी की माल?

इतवारीच्या कापड बाजारातील जुना व्यापारी ताग्यावरची छाप सर्वांत शेवटी पाहतो. आधी तो तागा उलगडतो, पोत चिमटीत धरून चोळतो, उजेडाकडे धरून वीण तपासतो, पन्हा मोजतो, आणि मगच छाप वाचतो. केवळ छापेवर विसंबून माल उचलणारा एका हंगामात शहाणा तरी होतो किंवा दुकान तरी बंद करतो, हे पेढीवर बसणाऱ्या नव्या मुलाला पहिल्याच वर्षी शिकवले जाते. व्यापारात इतका चोखंदळ असणारा हाच समाज घरातील प्रश्नांत मात्र पुष्कळदा उलट वागतो. एखादा शब्द कानी पडतो, त्यावरून एक चित्र मनात उभे राहते आणि तागा न उलगडताच निकाल लागतो.

‘बेली डान्स’ हा असाच एक शब्द. मराठीत सरळ अर्थ करायचा तर ‘पोटाचे नृत्य’. व्यापारी कुटुंबांना त्याची ओळख असते ती दोन ठिकाणांहून. एक म्हणजे हिंदी चित्रपट. ‘शोले’ (१९७५) मधील तंबूंच्या मुक्कामातले हेलन यांचे नृत्य ज्यांनी पाहिले नाही असे घर विरळा. दुसरे म्हणजे दुबईची सहल. तेथे वाळवंटातील रात्रीच्या कार्यक्रमात हे नृत्य सुरू झाले, की नागपूरहून गेलेली मंडळी एकमेकांकडे न पाहता ताटाकडे पाहू लागतात. अशा शब्दाशी इतवारीतील एका ६१ वर्षांच्या, देवदर्शनाशिवाय पाण्याचा घोटही न घेणाऱ्या गृहिणीचा संबंध यावा, हे ऐकणाऱ्याला थट्टेचे वाटते. परंतु तो आला आणि त्याने एका घराला काही गोष्टी नव्याने तपासायला लावल्या. त्यांचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. ओळीतील लहानथोर त्यांना काकू म्हणतात. तेच नाव पुरे.

काकूंचे घर इतवारीतील जुन्या पद्धतीचे. खाली पेढी आणि गोदाम, मधल्या मजल्यावर एकत्र कुटुंब, वर टिनाच्या छपराची माडी. विसाव्या वर्षी त्या सून म्हणून आल्या. पाणी गाळण्यापासून सूर्यास्तापूर्वी शेवटचे पान उठेपर्यंतचा दिवस त्यांनी चाळीस वर्षे निभावला. घरात ८४ वर्षांच्या सासूबाई, पेढी सांभाळणारे काका, लग्नाचा मुलगा, दीर-जाऊ आणि त्यांची मुले. थोरली मुलगी औषधनिर्माणशास्त्र शिकून इंग्लंडला गेली आणि दक्षिण किनाऱ्यावरील ईस्टबोर्न या गावात स्थायिक झाली.

काकूंची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली होती. पुढे चार-पाच वर्षांनी एक त्रास सुरू झाला. खोकला आला, शिंक आली, जड डबा उचलला किंवा मनापासून हसू आले, की वस्त्र ओले होई. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नाही. सांगण्याऐवजी त्यांनी हळूहळू आपले आयुष्य तिच्याभोवती बेतले. साड्या गडद रंगाच्या झाल्या. प्रवचनात पुढे बसणाऱ्या काकू दाराजवळ बसू लागल्या. बाहेर निघण्याआधी पाणी पिणे बंद झाले. कुटुंब सम्मेदशिखरजीला निघाले, तेव्हा गुडघ्याचे कारण सांगून त्या घरी राहिल्या. चढण, वंदना आणि उतरण मिळून २७ किलोमीटरची ती वाट; वाटेत आडोसा कोठे मिळणार, हा खरा प्रश्न होता. गुडघे तेव्हा उत्तम होते.

हा त्रास दुर्मीळ नाही. बाळंतपणे, शस्त्रक्रिया, पाळी थांबल्यानंतरचे बदल आणि वय यांमुळे ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात आणि असंख्य स्त्रियांना तो सोसावा लागतो. दुर्मीळ आहे ते त्याविषयी बोलणे. पेढीवर दहा रुपयांचा फरक सापडेपर्यंत रात्री जागवणाऱ्या घरात ही तूट पंधरा-सोळा वर्षे कोणत्याही वहीत चढली नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात, दशलक्षण पर्व आणि क्षमावाणी आटोपल्यावर, काकू सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलीकडे गेल्या. ८ सप्टेंबरला राणी एलिझाबेथ यांचे निधन झाले होते; दुकानांच्या काचांत त्यांची छायाचित्रे लावलेली होती. ईस्टबोर्न हे निवृत्तांचे गाव म्हणून ओळखले जाते. गोट्यांचा किनारा, १८७० मध्ये खुला झालेला समुद्रात शिरणारा लाकडी-लोखंडी धक्का, पश्चिमेला बीची हेड नावाचा १६२ मीटर उंचीचा खडूसारखा पांढरा कडा. या धक्क्यावर वाऱ्यात चालताना काकूंना लागोपाठ शिंका आल्या आणि त्या एकाएकी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मुलीच्या ते ध्यानात आले. औषधांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या मुलीला दोन प्रश्नांतच सर्व उलगडले. “आई, हे किती वर्षांपासून?” या प्रश्नाचे उत्तर ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही.

मुलीने त्यांना एका स्त्री फिजिओथेरपिस्टकडे नेले. तिने कागदावर चित्र काढून दाखवले. पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत ताणलेली स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय आणि आतडे तिच्यावर विसावलेले असतात. ती सैल झाली की असा त्रास होतो. उपाय साधा होता. ते स्नायू आत आणि वर ओढायचे, थोडे धरायचे, सोडायचे. एका वेळी निदान आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. इंग्लंडमधील वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांत शस्त्रक्रियेच्या आधी हाच उपाय सांगितला आहे.

अडचण निराळीच निघाली. जे दिसत नाही, ज्याला हात लागत नाही आणि ज्याचे नाव आयुष्यात कधी उच्चारले नाही, त्या स्नायूला आकसायला सांगावे कसे? काकू श्वास रोखत, खांदे वर घेत, दात आवळत. हवा तो स्नायू मात्र हलत नसे. दोन भेटींनंतर फिजिओथेरपिस्ट म्हणाली की व्यायाम चालू ठेवाच, पण गावातल्या चर्चच्या सभागृहात गुरुवारी संध्याकाळी बायकांचा एक नृत्यवर्ग असतो. तो औषध नव्हे, परंतु कंबर आणि ओटीपोट यांची ओळख तेथे होते. नाव ऐकताच मुलगी हसली. काकूंना हसण्याचे कारण कळले नाही, कारण त्यांना ते नाव ‘बॅले’ असे ऐकू आले होते.

पहिल्या गुरुवारी वर्गात बारा बायका होत्या. सर्वांत लहान ३८ वर्षांची, सर्वांत मोठी ७९ वर्षांची. शिकवणारी बाई निवृत्त शाळाशिक्षिका. सभागृहात ना आरसा, ना प्रेक्षक. कोणी पायघोळ घागरा घातला होता, कोणी घरातली पायजमा-बंडी; पोट उघडे कोणाचेच नव्हते. काकूंनी पंजाबी पोशाख घातला होता आणि ओढणी कमरेला बांधली होती. बाकीच्यांच्या कमरेला नाणी लावलेले रुमाल होते; तेवढाच काय तो भपका. सर्वांनी जोडे-मोजे काढले, तेव्हा काकूंना थोडे घरच्यासारखे वाटले.

जेवणाचा प्रश्न आपोआप सुटला. डिसेंबरात तेथे दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे काकूंचे जेवण साडेतीनलाच आटोपलेले असे. शिकवणारी बाई वर्गाला सांगे, दोन तास आधी खाऊन या, भरल्या पोटी कंबर हलत नाही. रात्रिभोजनत्यागाचा हा लाभ काकूंनी आजवर कोणत्याही प्रवचनात ऐकला नव्हता.

पहिले दोन आठवडे केवळ उभे राहण्याचे गेले. पावले समांतर, गुडघे किंचित सैल, माकडहाड जमिनीकडे, छाती मोकळी. पुढे एकेक अवयव निराळा हलवणे आले. खांदे स्थिर ठेवून कंबर एका बाजूने उचलायची आणि सोडायची. छाती स्थिर ठेवून ओटीपोट फिरवायचे. गुडघ्यांच्या वेगवान हालचालीने नितंबांत थरथर आणायची. एकदा बाईंनी कमरेने हवेत आठचा आकडा काढायला सांगितला. सर्वांच्या कमरा एका मार्गाने गेल्या, काकूंची भलत्याच. त्यांनी मराठी आठ काढला होता. फळ्यावर ‘८’ लिहून त्यांनी तो समजावला, तेव्हा सारा वर्ग हसला आणि काकूही हसल्या. हसताना त्यांच्या मनात नेहमीची भीती आली. पण त्या दिवशी ती खरी ठरली नाही.

तालाशी त्यांची ओळख लवकर जमली. या नृत्याच्या साथीला जे चंबूच्या आकाराचे चर्मवाद्य असते, त्याला इजिप्तमध्ये ‘तबला’च म्हणतात. त्याचे बोल ‘दुम’ आणि ‘तक’. ‘मकसूम’ नावाचा नेहमीचा ठेका आठ मात्रांत बसतो. महिला मंडळाच्या भजनांत तीस वर्षे केरव्यावर टाळ्या वाजवलेल्या काकूंना तो दुसऱ्याच दिवशी पाठ झाला. नर्तकी बोटांत ज्या पितळी चकत्या वाजवतात, त्या पाहून त्यांना देवळातील मंजिऱ्या आठवल्या. अनोळखी म्हणून आणलेल्या गाठोड्यात निम्म्या वस्तू ओळखीच्या निघाव्यात, तसे झाले.

या गाठोड्यावरची छाप कोठून आली, हे पाहण्याजोगे आहे. अरबी भाषेत या नृत्याला ‘पोटाचे नृत्य’ म्हणत नाहीत. मंचावरील रूपाला ‘रक्स शर्की’ म्हणजे पूर्वेचे नृत्य म्हणतात आणि घरगुती रूपाला ‘रक्स बलदी’ म्हणजे आपल्या मातीतले नृत्य. लग्नकार्यात, बारशात, बायकांच्या बैठकीत आजी, सुना, नाती ते करीत आल्या आहेत. इजिप्तमध्ये ते उपजीविका म्हणून करणाऱ्या स्त्रियाही होत्या. तेथील शासक मुहम्मद अली याने १८३४ मध्ये त्यांना कैरोतून हद्दपार करून दक्षिणेकडे धाडले. चमचमत्या दोन तुकड्यांचा जो पोशाख आज सर्वांना ठाऊक आहे, तो घरातला नव्हे; बदिया मसाबनी यांनी १९२६ मध्ये कैरोत सुरू केलेल्या नाट्यगृहासारख्या मंचांवर, हॉलिवूडच्या प्रभावाखाली तो रूढ झाला.

‘बेली डान्स’ हे नाव फ्रेंच शब्दांचे भाषांतर. ते जगभर गाजले १८९३ मध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. त्या प्रदर्शनाच्या करमणुकीच्या भागाचा व्यवस्थापक होता सोल ब्लूम नावाचा २३ वर्षांचा तरुण. पुढे तो अमेरिकेच्या काँग्रेसचा सदस्य झाला. ‘कैरोचा रस्ता’ या नावाने उभारलेल्या बाजारात उत्तर आफ्रिकी आणि अरब नर्तकी नाचत. या नावामुळेच लोकांना काहीतरी अश्लील पाहायला मिळेल असे वाटले आणि गर्दी लोटली, अशा आशयाची कबुली ब्लूमने आत्मचरित्रात दिली आहे. नीतिरक्षक म्हणवणाऱ्या अँथनी कॉमस्टॉक यांनी तो खेळ बंद पाडण्याचा प्रयत्न केला. त्याने जाहिरातच झाली. थोडक्यात, माल एका देशाचा आणि छाप तिकीट विकणाऱ्याची.

आणि जैन वाचकांना १८९३ चे शिकागो आणखी एका कारणाने ठाऊक आहे. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने ११ ते २७ सप्टेंबर या काळात तेथे सर्वधर्म परिषद भरली. आचार्य विजयानंदसूरी अर्थात आत्मारामजी महाराज यांना निमंत्रण होते. साधूंना समुद्रप्रवास वर्ज्य असल्याने त्यांच्या वतीने गेले महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी, वय वर्षे २९. ‘कैरोच्या रस्त्या’पासून दहा-अकरा किलोमीटर अंतरावरील सभागृहात त्यांनी जैन धर्माची ओळख पाश्चात्त्य जगाला करून दिली. एकाच शहरात, एकाच महिन्यात, पूर्वेकडच्या दोन गोष्टी अमेरिकेने पाहिल्या. एकीला बोलायला स्वतःचा माणूस मिळाला, म्हणून ती आपल्या नावाने पोहोचली. दुसरीला तो मिळाला नाही. तिला विकणाऱ्याने दिलेले नाव चिकटले. वीरचंद गांधींनाही सर्व सुखासुखी लाभले नाही. समुद्र ओलांडल्याबद्दल त्यांच्यावर आपल्याच समाजातून टीका झाली. तेव्हाही काहींनी छापच वाचली होती.

काकूंपुढे हा प्रश्न उभा राहिला तो डिसेंबरात. नाताळापूर्वी सभागृहात एक लहान कार्यक्रम झाला. बारा बायका तीन रांगांत नाचल्या. काकू मागच्या रांगेत, पूर्ण पोशाखात, ओढणी कमरेला. प्रेक्षकांतील परिचयाच्या एका भारतीय कुटुंबाने वीस सेकंदांची चित्रफीत टिपली आणि कौतुकाने एका नातलगाला पाठवली. ती रात्र उलटायच्या आत व्हॉट्सॲपवरून इतवारीत पोहोचली. सकाळी पेढी उघडण्याआधी काकांना तीन फोन आले. फोन करणाऱ्या कोणीही चित्रफितीत काय दिसते ते सांगितले नाही. सर्वांनी त्याखाली लिहिलेले दोन शब्द वाचून दाखवले.

त्या आठवड्यात मुलाच्या लग्नाची बोलणी चालू होती. स्थळ विदर्भातलेच, तोलामोलाचे. पत्रिका जुळली होती. काकांनी फोनवर एवढेच म्हटले, “तुला काय हवे ते तिथे कर, पण हे इथे पोहोचू द्यायचे नव्हते.” काकूंनी उत्तर दिले नाही. दोन दिवसांनी त्यांनी स्वतः फोन लावला, खोलीत आणखी कोणी नाही याची खात्री केली आणि सोळा वर्षांपूर्वी सांगायची ती गोष्ट नवऱ्याला सांगितली. शिखरजीचे खरे कारणही सांगितले. काका बराच वेळ गप्प राहिले. मग विचारले, “मग आता?” काकू म्हणाल्या, “आता निम्म्याने कमी आहे. व्यायामाने. पण व्यायाम कुठे करायचा, ते मला नाचाने कळलं.”

ते स्थळ पुढे सरकले नाही. कारण पत्रिकेचे सांगण्यात आले. पहिल्यांदा जुळलेली पत्रिका दुसऱ्यांदा का जुळली नाही, हे कोणी विचारले नाही. मुलाचे मन काही महिने खट्टू होते आणि काकूंना त्याचा सल आजही आहे. या गोष्टीची किंमत पडली नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

घरात पहिला शब्द बोलल्या त्या सासूबाई. त्यांना नातवाने ती चित्रफीत दाखवली. चष्मा लावून त्यांनी ती दोनदा पाहिली आणि म्हणाल्या, “यात नवं काय आहे? जातं ओढताना कंबर अशीच फिरायची. ताक घुसळताना अशीच. भुलाबाईपुढे फुगड्या घालायचो, तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नाही.” त्यांच्या पिढीतील स्त्रीचे अर्धे काम कमरेच्या बळावर चाले. जाते, मुसळ, रवी, विहिरीचा रहाट. ती श्रमाची सक्ती होती आणि तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु शरीराचा मधला भाग त्या सक्तीने तरी जागा राही. मिक्सर आणि ग्रॅनाइटच्या ओट्याने श्रम वाचले, हे चांगलेच झाले. वाचलेल्या श्रमाच्या जागी काही ठेवायचे असते, हे मात्र राहून गेले. आज व्यापारी घरातील स्त्रीचे शरीर उपवासात आठवते, आजारपणात आठवते आणि लग्नकार्यात दागिन्यांसाठी आठवते. एरवी त्याचे खाते बंदच असते.

धर्माला नृत्याचे वावडे आहे, असेही नाही. आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या दिली, तसे भरताला अर्थशास्त्राबरोबर नृत्यशास्त्रही शिकवले, असे वर्णन आहे. जन्मकल्याणकात इंद्र स्वतः नाचतो. पंचकल्याणक महोत्सवात नीलांजनेचे नृत्य सादर होते. नाचता नाचताच तिचे आयुष्य संपते आणि ते पाहून ऋषभदेवांना वैराग्य होते. म्हणजे आपल्या परंपरेतील एका सर्वश्रेष्ठ वैराग्याचे निमित्त एक नृत्य आहे. आबू येथील देलवाड्यात विमलशहाने १०३१ मध्ये आणि वस्तुपाल-तेजपाल या बंधूंनी १२३० मध्ये मंदिरे उभारली. तेथील स्तंभांवर आणि घुमटांवर संगमरवरात कोरलेल्या नर्तिकांच्या कमरेचा बाक पाहत भाविक मान वर करून उभे राहतात. त्या दगडी कमरेला मर्यादा आड येत नाही. जिवंत कमरेला येते. तेव्हा मर्यादेचा प्रश्न हालचालीचा नसून हेतूचा आणि स्थळकाळाचा आहे. कोणासमोर, कशासाठी, कोणत्या वस्त्रात आणि कोणत्या भावनेने, हे विचारणे योग्यच. शीलाचा विचार त्यातच आहे. हे न विचारता केवळ नावावरून निवाडा करणे, याला मात्र शील म्हणता येत नाही.

मार्च २०२३ मध्ये काकू परतल्या. महिला मंडळात कोणी काही विचारले नाही. पंधरा दिवसांनी, स्वाध्याय संपल्यावर, सराफा ओळीतील एक बाई मागे रेंगाळल्या आणि पायऱ्यांवर हळूच म्हणाल्या, “काकू, मलाही तोच त्रास आहे.” कोणता, ते त्यांनी सांगितले नाही आणि काकूंनी विचारले नाही. चित्रफितीबरोबर काकूंचे कारणही कोठून कसे इतवारीत पसरले होते, हे कोडेच आहे. मात्र बदनामी ज्या वाटेने आली, त्याच वाटेने ही बाईही आली होती. महिन्याभरात अशा पाच झाल्या.

वरच्या माडीवर दुपारी तीन ते चार या वेळेत बसायचे ठरले. बुधवारी बाजाराचा जोर असतो, पुरुष खाली गुंतलेले असतात. जावेने एक व्यवहारी सूचना केली: याला ‘भक्तिनृत्य वर्ग’ म्हणावे, म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही. सर्वांना ती पसंत पडली. काकूंनी मात्र मान हलवली. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत प्रतिरूपक-व्यवहार हा एक आहे. म्हणजे एक वस्तू दाखवून दुसरी देणे. “हलका माल भारी म्हणून विकणं जसं पाप, तसं हेही,” त्या म्हणाल्या. “देवाचं नाव याला लावायचं नाही. आपण व्यायाम करतो आणि नाचतो, एवढंच सांगायचं.” शेवटी कोणतेच नाव ठेवले गेले नाही. आज त्याला ‘बुधवारची माडी’ म्हणतात.

तेथील नियम थोडे आहेत. पहिली पंधरा मिनिटे केवळ फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम. ज्या बाईला त्रास आहे तिने आधी स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवून यायचे. रक्तस्राव, वेदना किंवा जंतुसंसर्ग असेल तर माडीचा उपयोग नाही, हे काकू स्पष्ट सांगतात. शस्त्रक्रिया झालेली असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय कंबर हलवायची नाही. त्यानंतर ठेका. मोबाईल खाली पेढीवर ठेवून यायचे. दशलक्षणाच्या दिवसांत माडी बंद. शुल्क नाही, स्पीकर आणि सतरंजी यांचा खर्च सर्वांनी सारखा वाटून घेतला, त्याचा हिशेब काकूंनी पहिल्या पानावर लिहिला आहे. आठवड्याला सात-आठ जणी येतात. त्यांतील एक ७० वर्षांच्या आहेत. त्या खुर्चीवर बसून केवळ खांदे आणि मनगटे हलवतात आणि तेवढ्याने समाधानी असतात. सासूबाई कधी कधी जिना चढून येतात, भिंतीला टेकून बसतात आणि ठेका चुकला की सांगतात.

काकांनी माडीवर कधी पाऊल ठेवले नाही. परंतु मे महिन्यात टिनाखाली बसवेना, तेव्हा कोणी न सांगता त्यांनी तेथे कूलर बसवून दिला. मुलाचे लग्न पुढच्या वर्षी दुसऱ्या घरी ठरले. बोलणी करायला आलेल्या मुलीच्या आईला काकूंनी बुधवारच्या माडीविषयी पहिल्या भेटीतच सांगून टाकले. पुढे कळण्यापेक्षा आधी सांगितलेले बरे, हा त्यांचा हिशेब होता. त्या बाईंनी क्षणभर विचार करून विचारले, “वेळ किती वाजताची असते?”

२०२४ च्या हिवाळ्यात कुटुंब पुन्हा सम्मेदशिखरजीला गेले. पहाटे अंधारात निघालेल्या काकूंनी चढण पायी पार केली, वंदना पूर्ण केली आणि उतरताना डोली केली. या वेळी कारण खरोखरच गुडघ्याचे होते.